आठवं भोक

ओतकामात चाळीस वर्षं काढलेल्या काकांना कुणी अक्कल शिकवली की त्यांचं डोकं फिरायचं. त्यात एका बड्या कंपनीने पेटंट मिळवून नोटीस धाडली, की तुमची साचा बांधायची पद्धत आमची आहे. काका ती भट्टीतच टाकणार होते. काकूंनी हिसकावून घेतली आणि पेटंट कचेरीतल्या सुनावणीला स्वतः सोबत आल्या.

कंपनीचा वकील नकाशा दाखवत म्हणाला, “साच्याच्या लाकडी चौकटीला आठ भोकं आहेत. सात भोकांतून गरम हवा बाहेर जाते आणि आठव्यामुळे दाब सारखा राहतो.”

काका खो खो हसले. “साहेब, यांचा इंजिनिअर दोन दिवस आमच्याकडे चहा ढोसत बसला होता. मेल्याने डोळे मिटून नक्कल केली! आठवं भोक आरपार नाहीच. ते मी तंबाखूची पुडी लपवायला पाडलंय.”

पुराव्यासाठी आणलेल्या काकांच्या चौकटीच्या आठव्या भोकात सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने बोट घातलं. पुडी निघाली. कंपनीचा दावा तिथेच आडवा झाला.

काका मिशीला पीळ देत मागे वळले. सहा वर्षांपूर्वी तंबाखू सोडल्याची शपथ त्यांनी जिच्यासमोर घेतली होती, ती पहिल्याच बाकावर बसली होती.

“चला घरी,” काकू म्हणाल्या, “तुमची सुनावणी अजून व्हायचीय.”