सोलापुरात पडलेला सिनेमा

महिपतीचा मेसेज आला तेव्हा प्रभुलिंगअण्णा दाढी करत होते. अर्धा गाल फेसाचा, चष्मा कपाळावर. तरी त्यांनी फोन उचलला, कारण वैरागच्या या दोस्ताचं रोज सकाळी एक गुलाबाचं फूल येतं आणि त्यावर उत्तरादाखल अंगठा पाठवला नाही तर गडी फोन करून भांडतो. आज फूल नव्हतं. एका जुन्या इंग्रजी विनोदी सिनेमाचे आकडे होते: बजेट तीस लाख डॉलर, जगभरातली कमाई साडेचार कोटी. खाली महिपतीनं लिहिलं होतं, ‘सगळ्या जगात चालला, येका सोलापुरात पडला. माजं कुटं चुकलं रं?’

अण्णांनी फोन पालथा ठेवला.

“एन् आयतु?” बायकोनं, रत्नम्मानं, कन्नडात विचारलं, काय झालं म्हणून.

“काय नाही,” म्हणत अण्णा उरलेला गाल तसाच ठेवून अंगणात गेले.

काय नाही कसं? सिनेमा सोलापुरात पडला नव्हता. अण्णांनी तो पाडला होता, आणि ही गोष्ट चाळीस वर्षं त्यांच्या पोटात होती.

तेव्हा अण्णा वितरकांचे प्रतिनिधी होते. कामच विचित्र. वितरक थिएटरला सिनेमाची पेटी पाठवायचा आणि पेटीमागोमाग आपला एक माणूस. त्यानं तिकिटं किती खपली ते बघायचं आणि आकड्याखाली सही करायची. त्या सहीवर वितरकाचा वाटा ठरणार. म्हणजे सगळा धंदा एका पगारी माणसाच्या इमानावर, आणि इमान टिकेल इतका पगार मात्र त्याला कधी कुणी दिला नाही.

महिपती असाच एक छोटा वितरक. त्यानं मुंबईत हा सिनेमा पाहिला तो व्यापाऱ्यांसाठी ठेवलेल्या खेळात. बाकीचे घड्याळं बघत बसले. हा एकटा खुर्चीवरून घसरेस्तोवर हसला. इंग्रजी एक अक्षर कळलं नव्हतं. मला कळला म्हणजे सोलापूरला कळणार, म्हणून रस्त्याकडची दोन एकर विकून त्यानं तीन जिल्ह्यांचे हक्क घेतले. सोलापुरात सिनेमा लागला तेव्हा तो लातूरकडं पुढची थिएटरं ठरवत फिरत होता. प्रभुलिंग आहे की तिथं, मग काळजी कसली!

आणि थिएटर भरलं. रात्रपाळी सुटलेले गिरणी कामगार झोप टाकून सकाळच्या खेळाला यायचे. दुसऱ्याच दिवशी मालकानं अण्णांना चहाला बसवलं. दारावर तिकिटं फाडायची नाहीत, तीच पुन्हा खिडकीवर विकायची, आणि कागदावर थिएटर निम्मं रिकामं. मोबदल्यात नवीकोरी लुना. सायकल दामटून अण्णांचे गुडघे गेले होते. आठवडाभर ते सही करत राहिले. तो आकडा बघून लातूर-उस्मानाबादच्या मालकांनी सिनेमाला हातच लावला नाही. महिपतीनं धंदा सोडला आणि वैरागात कडबाकुट्टीच्या मशीनचं दुकान घातलं.

तीन दिवस अण्णांचा जीव थाऱ्यावर नव्हता. जेवताना उठायचे, फाटकापर्यंत जायचे, परत यायचे. सांगावं तर या वयात उरलेला एकुलता एक दोस्त जाणार. न सांगावं तर तो बिचारा मरेपर्यंत स्वतःलाच गाढव समजणार. “एकदा कुठं जायचं ते जाऊन या बघू,” रत्नम्मा वैतागली.

चौथ्या दिवशी ते वैरागच्या एसटीत बसले, उतरले, पुन्हा बसले.

दुकानात पाणीही न घेता, उभ्यानंच त्यांनी सगळं सांगून टाकलं. तिकिटं, लुना, सह्या. महिपतीच्या हातातला पाना तसाच राहिला.

“त्या लुनावर तर मला दवाखान्यात नेलतंस की,” तो म्हणाला. त्यानं पाना खाली ठेवला. “पैशाचं सोड. रानाचं बी सोड. तवापासनं म्या कुटल्या पिच्चरला आदी हसलो न्हाय. शेजारचा हसतोय का बगायचं, मग हसायचं. वाटायचं, आपलं हसूच येडं हाय.”

अण्णांना मान वर करवेना.

“खरंच हाऊसफुल हुतं?”

“रोज. मी स्वतः डोकी मोजायचो की. पडद्याखाली उभं राहायचं, लोकांकडं तोंड करून, आणि पडद्याच्या उजेडात एकेक रांग मोजायची. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते महिपती. डोळ्यातनं पाणी.”

महिपतीचा चेहरा खुलला. सत्तरी ओलांडलेला माणूस स्टूल ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसला. “मग सांग की. कशाला हसली? त्यो जाडा म्यानेजर कपाटात अडकतो, तितं? का कुत्रं त्येची टोपी पळवतंय, तितं?”

अण्णांना रांगा आठवल्या. दात आठवले, टोपीनं डोळे पुसणारा एक म्हातारा आठवला. पण आठवडाभर पडद्याकडं त्यांची पाठ होती. सिनेमा त्यांनी पाहिलाच नव्हता.

“मला ठाऊक नाही,” अण्णा म्हणाले. “मी मोजत होतो.”

महिपतीनं स्टूल हळूच मागं घेतलं.

“लोकं कशाला हसली, येवढंच पायजे हुतं रं मला,” तो म्हणाला.