काडीचे दुपारचे आकडे

आमच्या घरात तिला सगळे काडी म्हणतात. नाव मीच ठेवलं, ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात. धाकट्या दिराची बायको, म्हणजे माझी जाऊ. मनगट एवढं बारीक की घड्याळाच्या पट्ट्याला जास्तीची भोकं पाडून घ्यावी लागली. त्यामुळे सातव्या महिन्यात तिला साखर निघाली तेव्हा मी आधी हसले, हे लपवत नाही. माझ्यासारख्या ऐसपैस बाईला निघाली असती तर एक वेळ समजलं असतं. हिच्या अंगात साखर राहायला जागा तरी कुठे आहे, असं मी तपासणी केंद्रातच बोलून मोकळी झाले.

तिथल्या सिस्टर हसल्या नाहीत. "बाहेरच्या बाकावर दहा जणी बसल्यात ना, त्यांतल्या एखाद-दोघींना असतेच," त्या म्हणाल्या. "आशियातल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं, आणि अंगाने बारीक असलं तरी होतं. त्रास काही होत नाही, म्हणून कळतही नाही. म्हणूनच सगळ्यांना साखरेचं पाणी पाजून तपासतो." आईची साखर वाढली की बाळ गरजेपेक्षा मोठं होतं, बाळंतपण अडतं, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते, हे सगळं त्यांनी न घाबरवता सांगितलं. जेवण बेताचं, रोज चालणं, आणि दिवसातून चार वेळा बोटाला टोचून मशीनवरचा आकडा वहीत लिहायचा. उपाशी मात्र राहायचं नाही, असंही त्या बजावून म्हणाल्या होत्या. ते आम्ही दोघी सोयीस्करपणे विसरलो.

आम्ही दोघी एकाच केकच्या कारखान्यात कामाला. मी भट्टीवर, ती नक्षीच्या टेबलावर. काडीच्या हातात क्रीमचा कोन दिला की ती मान वर न करता चाळीस गुलाब काढते, आणि एकही दुसऱ्यापेक्षा थोराड होत नाही. त्या टेबलावर पिठीसाखर नुसती टेबलावर नसते, ती हवेतही असते. सुट्टी होईपर्यंत तिकडच्या बायकांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात.

वहीतले सकाळचे आकडे चांगले यायचे, रात्रीचेही. घोडं अडायचं ते दुपारी. जेवल्यावर दोन तासांनी, कामाच्या जागी, मशीन दोनशे एकवीस दाखवायची. दुसऱ्या दिवशी दोनशे छत्तीस. एकशे वीसच्या आत हवा होता.

मग मी कंबर कसली. तिच्या डब्याची पोलीसच झाले म्हणा ना. आधी भात निम्मा केला, मग बंद केला. मग पाव गेला. शेवटी डब्यात एक उकडलेलं अंडं आणि काकडी उरली. तरी दोनशे चार. "बघ, उतरतोय," असं मी तिला म्हणायचे, आणि स्वतः भट्टीमागे बसून पोटभर जेवायचे. ती हूं का चूं करायची नाही. जेवणाची उरलेली सुट्टी पोटावर हात ठेवून बसून राहायची.

तीन आठवड्यांनी दाखवायला गेलो तेव्हा तिचं वजन दीड किलोने घटलं होतं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. बाळाची वाढ मंदावली होती. "दुपारचे आकडे पाहिले तर इन्सुलिन लागेल असं वाटतं," ते म्हणाले, "आणि बाळाकडे पाहिलं तर तुम्ही जेवतच नाही असं वाटतं. तुम्ही जेवता ना?" काडीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. सिस्टरांनी वही तपासावी, आणि उलगडा झाला नाही तर उद्याच भरती व्हावं, असं ठरलं.

बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. "ताई, बाळ राहील ना?"

मी तिला तसंच हाताला धरून सिस्टरांच्या खोलीत नेलं. मला माझीच भयंकर लाज वाटत होती.

सिस्टरांनी वहीवरून बोट फिरवत नेलं आणि एका ओळीवर थांबल्या. मग मागे गेल्या, आणखी मागे. "दर सात दिवसांनी दुपारचा आकडा चांगला आहे. एकशे आठ, एकशे बारा. त्या दिवशी काय असतं?"

"सुट्टी," काडी म्हणाली.

"मग जेवण वेगळं असतं का?"

"घरी सगळ्यांबरोबर जेवते." तिने आवाज खाली केला. "ताईंची नजर चुकवून थोडा भातही घेते."

म्हणजे भात खाल्ला तेव्हा आकडा चांगला, आणि काकडी खाल्ली तेव्हा वाईट. माझ्या डोक्यात काही प्रकाश पडेना. सिस्टरांच्या पडला असावा.

"कामावर टोचण्याआधी हात धुता?"

"पुसते की. टेबलावरच्या ओल्या फडक्याने."

ते फडकं मला ठाऊक आहे. आठ जणी दिवसभर त्याला क्रीमचे हात पुसतात. वाळलं तर ते टेबलावर उभं राहील.

आम्ही कामावरून तशाच निघून आलो होतो. सिस्टरांनी तिला हात पुढे करायला लावले. नखांच्या कडेला गुलाबी क्रीम होतं. त्यांनी तसंच बोट टोचलं: दोनशे सव्वीस. मग तिला साबणाने हात धुवायला पाठवलं, नीट कोरडे करून घेतले आणि दुसरं बोट टोचलं. सत्त्याण्णव.

"रक्ताच्या थेंबात बोटावरची साखर मिसळत होती," त्या म्हणाल्या. "आजार खरा आहे, पण आटोक्यात आहे. इन्सुलिन लागलं तर देऊ, त्यात भिण्यासारखं काही नाही. आज लागत नाहीये. आज तुम्ही फक्त जेवा."

माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि मी त्या खोलीतच रडायला लागले. काडी माझी पाठ चोळत होती. केंद्राच्या उपाहारगृहात तिने भात, भाजी, मासा असं ताट घेतलं, बेताचं पण पुरतं, आणि सावकाश संपवलं.

"मी तुला उपाशी मारलं," मी म्हणाले.

"तुमच्यामुळे नाही हो, ताई. मीच इतकी घाबरले होते की तुम्ही बोलला नसतात तरी घास उतरला नसता."

तिने तसं म्हटलं म्हणून माझा दोष धुऊन निघाला नाही, पण बरं वाटलं. पुढच्या सोनोग्राफीत बाळाने वाढ भरून काढायला घेतली होती, त्याच्या पुढच्या वेळी डॉक्टर नुसती मान डोलावून बाजूला झाले.

मुलगी झाली. दोन किलो आठशे. टाचेला टोचून तिची साखर पाहिली, तीही ठीक निघाली. घरी सोडताना सिस्टर म्हणाल्या, "दीड महिन्याने आईने तपासणीला यायचं, आणि पुढे दर वर्षी. ही साखर आता जाईल, पण पुढे कायमची होऊ शकते. बाळ झालं की बायका इकडे फिरकत नाहीत."

"हिला मी कान धरून घेऊन येते," मी म्हणाले. "आजपासूनच हिच्या खाण्यापिण्याकडे..."

काडीने मुलगी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. लग्न होऊन आल्यापासून तिने पहिल्यांदाच माझं बोलणं मध्ये तोडलं होतं.

"तुम्ही हिला धरा, ताई," ती म्हणाली. "मी आधी जेवते."