दाढेखालचा चेंडू

हिंगणघाटच्या बाजारात एक खेळणीवाला होता. कुत्र्यासाठी खेळणं मागितलं, की तो ते आधी शर्टाला पुसून स्वतःच्या दाढेखाली धरायचा आणि कचकन चावायचा. "आधी मी, मंग तुमचा कुत्रा," म्हणायचा. गिऱ्हाइकं तोंड वाकडं करायची. मलाही किळस यायची. घरी आल्यावर मी चेंडू साबणाने धुऊनच कुत्र्याला द्यायचो.

त्या वर्षी आपटले की लुकलुकणारे चेंडू बाजारात आले. मी गेलो तेव्हा माल देणारा एजंट दुकानात होता. खेळणीवाल्याने नवा चेंडू चावला. रबर फाटलं आणि बटणाएवढा सेल त्याच्या जिभेवर आला. तो त्याने एजंटापुढे ठेवला.

"हे पोटात गेलं तर आतडं जाळते. खोका वापस न्या."

"कुत्र्याचं काय घेऊन बसले? सारा जिल्हा विकून राह्यला."

"विकू द्या. मी नाई विकत."

"तुमच्या एकट्यासाठी माल वापस होत नाई."

खेळणीवाल्याने दुसरा चेंडू पुसून एजंटाच्या तोंडापुढे धरला. "मंग तुम्ही चावून दाखवा. सेल नाई निघाला, तर अख्खा खोका ठेवतो."

एजंटाने चेंडू हातात फिरवून पाहिला. मग खोका उचलला.

मला त्याने जाड रबराचा, आत दिवा नसलेला, जुन्या मालातला चेंडू काढून दिला. तोही दोनदा चावून. त्यावर दाढांचे वळ उमटले होते.

तो मी धुतला नाही.