मादामची टोपी

डिसेंबरातला पहिला शनिवार, सकाळची वेळ. अजमानच्या आमच्या इमारतीत, बस्त्याव लोपीस यांच्या हॉलमध्ये आम्ही पाच जण होतो: बस्त्यावदादा, फिलोमावहिनी, फ्रान्सहून आलेला एक तरुण, त्याने सोबत आणलेले जुन्या वस्तूंचे एक लेबनीज जाणकार, आणि मी. टीपॉयवर एक टोपी होती. फोटो पाहून त्या जाणकारांनी तिची किंमत चाळीस हजार दिरहम सांगितली होती, म्हणजे साधारण साडेनऊ लाख रुपये. "सामंतसाहेब, आकडे निघाले तर तुम्ही बाजूला असा," म्हणून दादांनी मला शेजारच्या फ्लॅटमधून बोलावले होते.

टोपी नेपोलियनच्या फौजेतल्या एका अधिकाऱ्याची. शाको म्हणतात तिला. काळ्या नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, वितीपेक्षा उंच, वर रुंद होत गेलेली, कडांना चामडे, कपाळावर गरुडाचा पत्रा, आणि हनुवटीखाली बांधायची माशाच्या खवल्यांसारखी पट्टी. ती दादांची नव्हे. दादा मूळ वसईचे, दुबईच्या एका हॉटेलात बँक्वेटचे कॅप्टन, म्हणजे मेजवानीच्या वाढप्यांचे प्रमुख. तिथे एक फ्रेंच बाई कायमच्या राहायला होत्या. दादा त्यांना मादाम म्हणत. टोपी त्यांच्या पणजोबांच्या वडिलांची. सहा वर्षांपूर्वी ऑपरेशनसाठी मायदेशी जाताना त्या ती दादांच्या हातात देऊन म्हणाल्या, "कोरड्या जागी ठेव, मी येते."

एवढ्या शब्दांवर दादांनी सहा वर्षे काढली. टोपी बेडरूमच्या कपाटावर, पांढऱ्या टेबलक्लॉथखाली. अजमानच्या दमट हवेत चामड्याला बुरशी धरू नये म्हणून घरात कोणी नसले तरी त्या खोलीचा एसी चालू. नवरा-बायको सुट्टीवर कधी एकत्र गेले नाहीत. एक वसईला, तर दुसरा टोपीपाशी. मुलीच्या साखरपुड्यालाही वहिनी एकट्याच गेल्या. दादांनी तो व्हिडिओ कॉलवर पाहिला, सूट घालून, बेडरूममध्ये बसून.

"दादा, बँकेत लॉकर घ्या," मी म्हणायचो.

"आपलं असतं तर पलंगाखाली ढकललं असतं हो. दुसऱ्याचं आहे ना!" हे त्यांचे ठरलेले वाक्य. हॉटेलचा काटा-चमचा असो, कोणाची छत्री असो, उत्तर हेच.

माझ्या मुलीने एकदा विचारले होते, "अंकल, कॅन आय ट्राय इट?"

"नो बेबी. मी पण नाही घातली. आरशासमोर एकदा उभा राहिलो होतो, मग लाज वाटली."

मादाम परत आल्या नाहीत. ऑक्टोबरात त्यांच्या भाच्याची मेल आली: मावशी गेली, टोपी तुमच्याकडे आहे असे ती सांगत असे, मी डिसेंबरात येतो. दादांनी मादामच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा सांगितली आणि दुसऱ्या दिवसापासून तयारीला लागले. त्यांच्याकडची रीत आपल्या सगळ्यांच्याच घरची: शेजाऱ्याचे भांडे परत द्यायचे ते घासून, आणि रिकामे नाही द्यायचे. वसईला सणाआधी चर्चमधले पितळी मेणबत्तीदान घासायचा मान त्यांच्या घराण्याचा. लहानपणापासून हात त्यातच तयार झालेला.

त्या शनिवारी दादांनी टेबलक्लॉथ उचलला. गरुड नव्या घागरीसारखा झळकत होता. मला तर तो फार देखणा वाटला. टोपीच्या आत, कोरड्या पानांत बांधलेला वसईच्या सुकेळ्यांचा पुडा होता.

लेबनीज गृहस्थांनी चष्मा बदलला. पत्र्यावरून बोट फिरवले.

"हबीबी, हे कोणी साफ केलं?"

"मी, सर." मेजवानी झाल्यावर पाहुण्याने आचाऱ्याचे नाव विचारावे, तसा दादांचा चेहरा होता. "चिंच, मीठ आणि नारळाचा काथ्या. केमिकल अजिबात नाही."

गृहस्थांनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे बघत, जणू मी घरातला वडीलधारा, हळू आवाजात सांगितले. पत्रा पितळेचा, पण वर सोन्याचा मुलामा होता. त्याच्यावर दोनशे वर्षांचा काळेपणा, आणि किंमत होती ती या दोन्हींची. दोन्ही गेले. रेजिमेंटचा आकडाही झिजून पुसट झाला. "आता पंधरा हजार. तेही गिऱ्हाईक मिळालं तर. बाकी खलास."

दादा हसत होते ते तसेच राहिले. वहिनी म्हणाल्या, "चिंच मी भिजवली होती."

भाचा भला मुलगा. लालबुंद होऊन "इट्स ओके, इट्स ओके" म्हणत राहिला. दादा मात्र उठून आत गेले आणि चेकबुक घेऊन आले. "पंचवीस हजारांचा लॉस माझा. ग्रॅच्युइटी मिळणार आहे, सर."

मी त्यांना बाल्कनीत नेले. "दादा, ऐका. एसीचे महिन्याला दीडशे धरले तरी सहा वर्षांचे दहा हजार आठशे होतात. सुट्ट्या वेगळ्या. तुम्ही फुकट सांभाळली. तुमचंच येणं निघतं."

"तुमचा हिशोब बरोबर आहे, सामंतसाहेब. पण भाडं लावलं असतं तर ते गोदाम झालं असतं. मादामने माझ्या घरात ठेवली होती."

"मुद्दाम केलंत का तुम्ही?"

"मुद्दाम केलं असतं तर बरं होतं. दोन संध्याकाळी घासत होतो. काळं जात नव्हतं तर जोर लावला. किती जोर लावला मी!" त्यांनी आपले तळवे माझ्यासमोर धरले.

भाच्याने त्या दिवशी चेक घेतला नाही, टोपी घेऊन गेला. फेब्रुवारीत त्याची मेल आली, चार वेळा माफी मागणारी. टोपीत बहिणीचाही हिस्सा आहे आणि तिला तिचा अर्धा तोटा भरून हवा आहे, असे त्यात होते. मी दादांना म्हटले, उत्तर देऊ नका, कायद्याने काही लागत नाही. ते सुटल्यासारखे म्हणाले, "बघा, कोणी तरी मागितलं."

मार्चमध्ये दादा निवृत्त झाले आणि त्यांचा व्हिसा संपला. दोघे सहा वर्षांत पहिल्यांदा एका विमानाने वसईला गेले. दादांचे बँकखाते आधीच बंद झाले होते, म्हणून त्या बहिणीचे पैसे रोख माझ्याकडे ठेवून मला पाठवायला सांगितले होते. मी दोन दिवस पाठवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दादांचा फोन आला, "यल्ला, चला साहेब, दुसऱ्याचं आहे ना?"

त्याच दुपारी मी पैसे भरले. साडेबारा हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ तीन लाख रुपये, मादामच्या भाचीच्या फ्रान्समधल्या खात्यात. पाठवणावळ पासष्ट दिरहम. तीही दादांनी वेगळी काढून ठेवली होती.