दोघा भावांचा मधला जिना

कोपरीतल्या माझ्या ऑफिसात ते दोघे भाऊ पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी टेबलावर वहीचं एक पान ठेवलं. पानाच्या मधोमध उभी रेघ. रेघेवर जिना, उजवीकडे मोठ्याचं घर, डावीकडे धाकट्याचं. घोडबंदर रोडपासून आत, खाडीच्या बाजूला त्यांचं गाव. वडील मिठागरावर राबलेले. आता जुनं घर पाडून मुलांना तिथेच पक्कं बांधायचं होतं, आणि आर्किटेक्ट म्हणून मी सापडले होते.

"दोन्ही बाजू सेम टू सेम पायजेत, मॅडम," मोठा म्हणाला. "एक इंच इकडंतिकडं नाय."

मी कॉलेजात शिकलेलं सगळं सांगून पाहिलं. तोल साधायचा म्हणजे मध्ये आरसा धरायचा असं नसतं. एकीकडे जिन्यासारखी बंद, जड गोष्ट आली तर दुसरीकडे मोकळी जागा सोडूनही तोल राहतो. दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये मी जिना धाकट्याच्या बाजूला पुढच्या कोपऱ्यात नेला, आणि मागच्या बाजूला, दोन घरांच्या मध्ये, मोठ्याच्या वाट्यातून थोडी जागा घेऊन उघडा चौक काढला. दोघांनी तो कागद उचललासुद्धा नाही.

"जिना मधी," धाकटा म्हणाला.

बरं. जिना मधी. आरशासारखा प्लॅन काढला, दोन्ही स्वयंपाकघरं मागच्या बाहेरच्या कोपऱ्यांत. चार दिवसांनी धाकट्याचा फोन. "दादाचं किचन आग्नेयेला हाय. माझं नैऋत्येला. चालनार नाय."

"अहो, आरशात उजवं डावीकडेच जातं!"

"ते मना नाय माहीत. माझं पन आग्नेयेला पायजे."

मग मी त्याचं स्वयंपाकघर त्याच्या बाजूच्या आग्नेय कोपऱ्यात नेलं. तो कोपरा आला मधल्या भिंतीला चिकटून. मागे त्यांच्या चुलत्याचं घर, भिंतीला भिंत लागलेली. म्हणजे मोठ्याच्या ओट्यासमोर पूर्वेची खिडकी, आणि धाकट्याच्या स्वयंपाकघराला एकही नाही. मी लाल पेनाने गोल करून दाखवलं.

धाकट्याने बराच वेळ विचार केला. "मग दादाची पन बंद करा."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. तो अजिबात चेष्टा करत नव्हता. आणि मोठा मान डोलवत म्हणाला, "हां, मग सारखं होईल."

त्या दिवशी मी दोघांना अक्षरशः ऑफिसातून उठवलं. तीन महिने, नऊ ड्रॉइंगं, आणि शेवटी दोन अंधाऱ्या स्वयंपाकघरांवर एकमत! काम सोडते म्हणून सांगणारच होते, पण तोवर जुनं घर पाडून झालं होतं आणि दोन्ही कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहत होती. म्हणून शेवटचा उपाय केला. रविवारी सकाळी चुन्याच्या फक्कीची पोती घेऊन जागेवर गेले आणि त्यांना हवा तसाच प्लॅन जमिनीवर आखला, खऱ्या मापाचा. भावांना सांगितलं, बायकांना बोलवा.

दोघी जावा आल्या. धाकटी सरळ आपल्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. चारी बाजूंना पाहिलं.

"खिडकी कुठं हाय?"

"नाही," मी म्हटलं.

"नाय म्हंजे?" ती नवऱ्याकडे वळली. "मावरा शिजवल्यावर वास कुठं जानार? तुमच्या डोक्यात?"

नवरा आग्नेय दिशेबद्दल काहीतरी पुटपुटला. तिने लक्षच दिलं नाही. मोठी जाऊबाई तोवर मधल्या जिन्याच्या चौकोनात येऊन उभी होती. "ह्यो जिना पुढं न्या, रस्त्याकडं," ती धाकट्या दिराला म्हणाली. "जागा तुमच्यातली जाईल, तर हिकडं मागं माझ्यातली सोडू. वरनं उघडी. हिची खिडकी त्या उघड्या जागेवर काढा." आणि चपलेने माझी फक्कीची रेघ पुसून तिने नवी ओढली.

अर्ध्या तासात दोघींनी सगळं हलवलं. मी टेप धरून मागे मागे. झालं तेव्हा पाहिलं, तर जवळजवळ माझं दुसरं ड्रॉइंग. मी बॅगेतून ते काढून मोठ्यासमोर धरलं. "हे मी पहिल्याच महिन्यात दिलं होतं!"

"तवा कागदावर होतं ना, मॅडम," तो म्हणाला, अगदी शांतपणे.

घर तसंच बांधलं गेलं, आणि खरंच चांगलं झालं. वास्तुशांतीला गेले. चौकाच्या दोन्ही बाजूंनी जावा एकमेकींशी मोठमोठ्याने बोलत होत्या, वरून ओट्यापर्यंत उजेड येत होता. मी बरीच खूश होऊन बाहेर रस्त्यावर आले आणि वर पाहिलं.

जिन्याची खिडकी अर्ध्या मजल्यावर येते, ती मोठ्याच्या खिडकीच्या रांगेत येणं शक्यच नव्हतं. म्हणून धाकट्याने जिन्याच्या कोऱ्या भिंतीवर नेमक्या त्या उंचीला एक खोटी खिडकी ठोकली होती. ॲल्युमिनियमची चौकट, काळी काच, वर छज्जासुद्धा. मागे नुसती वीट.

"हे काय?"

"आता सेम दिसतंय," तो म्हणाला. मोठा शेजारीच उभा होता, समाधानाने.

ऑफिससाठी फोटो काढायचे होते, ते मी गच्चीवर जाऊन वरून चौकाचे काढले. धाकटा मागोमाग वर आला. "मॅडम, पुढनं घ्या ना. पुढनं भारी येईल."

नाइलाजाने खाली उतरले आणि पुढूनही एक काढला.