रिकाम्या कुपीसाठी मारामारी

माणसाचं रक्त मी आयुष्यात एकदाच काढलं, तेही करंगळीच्या पेराएवढ्या कुपीसाठी.

वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघे गावात आमचं किराणा दुकान आहे. लेक वर्ध्याच्या कॉलेजात कर्करोगाच्या पेशींवर संशोधन करते. तिने एक प्रथिन मागवलं होतं. माणसाच्या शरीरात असतं तेच, पण जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. एक पेशी दुसरीला निरोप धाडते तो असल्या प्रथिनांच्या हाती, असं तिने मला समजावलं.

"मंग याचा निरोप काय?"

"मर म्हणते, बाबा."

"म्हणजे तुह्या मोठ्या आत्यावानीच."

ती हसली नाही. तिचा शेवटचा प्रयोग त्या कुपीवर अडला होता. कॉलेजच्या फाटकावर पार्सलं उन्हात पडून राहतात, म्हणून तिने पत्ता दुकानाचा दिला आणि बजावलं, "डबा आला का न उघडता आइस्क्रीमच्या फ्रीझरात ठेवजा."

पण आमच्या घराण्यात माल पाहिल्याशिवाय कुणी सही केलेली नाही. डबा घेऊन डिलिव्हरीवाला आला, वडनेरकडचा, तिशीतला. मी त्याच्यासमोरच कात्री चालवली. बर्फाच्या पिशव्यांत ती कुपी होती. उजेडाकडे धरली, आत काहीच नाही. झाकण उघडलं, तळहातावर उपडी केली, ठोकली. फुंकूनही पाहिली.

"माल कुठी हाय?"

"मले काय माहीत, काकाजी? सील तर तुमीच फोडलं."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचाच मला राग आला. मी गल्ल्यावरून वाकून त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने हातातलं हेल्मेट माझ्या नाकावर हाणलं. मी मागच्या मिरचीच्या पोत्यावर पडलो. नाकातून रक्त, डोळ्यांत तिखट. उठताना हाताला अर्ध्या किलोचं वजन लागलं. ते मी मारलं. पोट सुटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाचा नेम इतका नेमका लागेल असं मलाच वाटलं नव्हतं. त्याची भुवई फुटली.

"चोर हाय, पोरीचं औषध खाल्लं!" मी ओरडलो.

ते ऐकून पानठेल्यावरचे चौघे धावले. काय चोरलं, कुणी विचारलं नाही. त्यांनी त्याला रस्त्यावर पाडलं आणि लाथा घातल्या. तो डोकं हातांत घेऊन मुटकुळं करून पडला. मीही एक लाथ घातली. ती मला अजून आठवते, कारण चप्पल निसटून गटारात गेली आणि मी ती शोधायला वाकलो.

तेवढ्यात लेक स्कूटीवरून आली. गर्दीत घुसून तिने चौघांना ढकललं. "काऊन मारून राह्यले त्याले?"

मी मुठीतली उघडी कुपी दाखवली. "रिकामी दिली यानं!"

तिने ती हातात घेतली. झाकण नव्हतंच. "रिकामी नाई, बाबा. यात डोळ्याले दिसत नाई इतकंच रायते. वाळवलेलं, काचीले चिकटून."

पानठेल्यावरचे चौघे एकेक करून सटकले. लेकीने त्या माणसाच्या भुवईवर ओढणी दाबली आणि मला ऑटो आणायला पाठवलं. दवाखान्यात त्याला टाके पडले. मी हात जोडले. तो म्हणाला, "आता माही गाडी कोन आणन तिथून?" गाडी मी ढकलत आणली.

तरीही लेकीने त्या कुपीत पाणी घालून ते पेशींवर टाकलं. दोन दिवसांनी पेशी मेल्या. मी उडीच मारली. "झालं ना काम!"

"नाई झालं. निरोपानं मेल्या का तुमच्या मिरचीच्या धुळीनं, कोण सांगन?"

दुसरी कुपी यायची, नवीन पेशी वाढवायच्या, म्हणजे प्रबंध सहा महिने पुढे. मी डोकं लढवलं. "कंपनीले लिही, रस्त्यातच उघडली म्हणून. ते फुकट धाडतीन, लवकरबी."

"मंग ते पुसतीन, कोणं उघडली."

मी सुजलेलं नाक चाचपलं.

"कोणाचं नाव सांगू? त्या डिलिव्हरीवाल्याचं? त्याले एकदा मारलं तेवढं पुरे नाई का, बाबा?"

तिने माझ्यासमोरच तिच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. "सर, कुपी माझ्या बाबांनी उघडली," म्हणाली. सर बराच वेळ बोलत होते. ती भिंतीकडे तोंड करून नुसतं "हो सर, हो सर" म्हणत राहिली.