स्वतःला गोरं करताना

चित्रकला शिकलेल्या माणसांवर माझा राग आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. मी कुठेच शिकलो नाही. अहमदपूरच्या स्टँडमागे दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता हात बसला. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या. तेव्हापासून मी मेलेल्यांची चित्रं काढतो. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला लोकांना मोठं चित्र लागतं. मोबाइलवरचा धुरकट फोटो दाखवतात आणि प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण, तेच सांगतो, "पेंटर, जरा गोरं करा." मग जन्मभर उन्हात राबलेल्या माणसाला मी पांढरा आणि गुलाबी कालवून उजळ करतो, सुरकुत्या पुसतो, पडलेले दात बसवतो. जिवंतपणी त्याच्याकडे कुणी धड बघितलेलं नसतं, मेल्यावर मात्र तो सायबासारखा दिसला पाहिजे. ढोंगी लेकाचे!

लातूरला चित्रांचं प्रदर्शन होतं. प्रत्येकाने स्वतःचंच चित्र काढून आणायचं. म्हटलं, एकदा तरी आपल्या हातून खरं तोंड निघू दे. दुकानात आरसा टांगला, आठ दिवस गिऱ्हाइकं परत पाठवली आणि चित्र पुरं करून एसटीत मांडीवर धरून नेलं.

चित्रं निवडायला एक ड्रॉइंग मास्तर बसला होता. पोट सुटलेला, खिशाला तीन पेनं.

"कुठल्या कॉलेजचे?"

"कुठल्याच नाही."

त्याने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "हार घालायचा राहिला की हो याला!"

मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि चित्र उचलून निघालो. परतीच्या एसटीत चाकूर मागे गेलं तरी माझ्या मनातल्या शिव्या संपल्या नव्हत्या.

घरी चित्र भिंतीला टेकवलं. बायको पिठाच्या हातांनीच बाहेर आली, वाकून बघत म्हणाली, "लई चांगला माणूस दिसतोय. कवा वारले?"

तेव्हा मी पहिल्यांदा ते चित्र नीट पाहिलं. गाल गुलाबी. दात सरळ. लहानपणी बैलाने पाडलेली कपाळावरची खोक कुठेच नव्हती. मला गोरं करा म्हणून कुणीही सांगितलं नव्हतं. माझा हात आपणहून पांढऱ्या रंगाकडे गेला होता. मास्तर खरं बोलला होता, आणि म्हणून तो मला जास्तच डोक्यात गेला.

"मीच हाय ते," मी ओरडलो.

ती दचकली. "असलं अभद्र घरात ठिवू नका," म्हणाली आणि आत गेली.

समोरच्या भिंतीवर माझ्या बापाचं चित्र आहे. मीच काढलेलं, गोरंपान. ज्या फोटोवरून काढलं तो एका पावसाळ्यात भिजून गेला, दुसरा नव्हताच. मी त्या चित्राकडे बघत बसलो. बाप काळा होता, एवढं मला माहीत आहे. पण त्याचं तोंड कसं होतं ते आठवायला गेलो की आता हे माझं चित्रच समोर येतं.